सून मोकळी झाली

त्या वर्षी उन्हानं सगळा ताळतंत्र सोडला होता. आमची कोंबडी अंडं घालायची ते उकडलेलंच पडायचं. सावलीत बसावं म्हटलं तर सावली आमच्याआधी घरात पळालेली असायची. नदीत पाणी उरलं होतं गाढवाच्या गुडघ्याइतकं, आणि ते आटायच्या आत विटा पाडून संपवायच्या होत्या. पाणी गेलं की माती ती मातीच. चिखल झाल्याशिवाय वीट होत नाही.

आमच्या घरची तिघं वीटभट्टीवर. माझा लेक चिखल तुडवायचा. त्याला सगळे घुम्या म्हणतात, कारण त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीत पडलेली म्हैस वर काढायची. सून साचा भरून विटा पाडायची. मी वाळत घातलेल्या विटा उलटवायचे आणि जाता-येता सगळ्यांना शिव्या घालायचे. ते काम मला कुणी नेमून दिलं नव्हतं, मी आपणहून पत्करलं होतं.

सुनेला आठवा लागला होता. पहिलटकरीण. वाकलं की पोट साच्याच्या आड यायचं, म्हणून ती गुडघे फाकवून मातीत बसायची. चिखलाचा गोळा साच्यात आपटायचा, वरून पट्टी फिरवायची, साचा उचलायचा, सरकायचं. पुन्हा गोळा. पाय सुजून खांब झाले होते. बोट दाबलं की खड्डा पडायचा, आणि तो भरून येईपर्यंत तिची एक वीट पाडून व्हायची.

"बस की जरा," मी म्हणायचे.

"बसलेच आहे ना, आई," ती म्हणायची, आणि गोळा आपटायची.

आमच्याकडे आठवड्याला नर्सबाई यायची. आधी तिच्याकडे वही होती. जाड पुठ्ठ्याची, दोरा बांधलेली, कडांना हजार बोटांचा मळ. त्या वहीत बाई सगळं लिहायची. कुणाला कितवा, कुणाचं रक्त कमी, कुणाचा नवरा पितो. माझ्या सुनेच्या पानावर 'सासू तोंडाळ' असं लिहिलेलं होतं म्हणतात. माझा चष्मा घरी राहिला होता म्हणून बाई वाचली.

मग एक दिवस वरून साहेब आला. बोलेल त्यात शंभर टक्के. शंभर टक्के नोंदणी, शंभर टक्के लसीकरण, पाणी दिलं तर म्हणाला, "शंभर टक्के शुद्ध आहे ना?" त्याचं नाव टक्केसाहेब पडायला पाणी पिऊन होईपर्यंतचाही वेळ लागला नाही. त्यानं वह्या गोळा करून पोत्यात भरून नेल्या आणि नर्सबाईच्या हातात काचेची एक पाटी दिली.

"आता कागद संपला," तो म्हणाला. "बाईला दिवस गेल्यापासून मूल चालेपर्यंत सगळं ह्यात. आईची आणि बाळाची शंभर टक्के काळजी."

"साहेब," मी विचारलं, "ही पाटी पाय दाबून बघते का? सूज कळते का हिला?"

"आजी, तुम्हाला नाही कळायचं."

"ते झालंच. पण हिला कळतं का?"

साहेबानं पाठ फिरवली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्यांनी प्रश्न विचारलेले खपत नाहीत.

पाटीचे नखरे एखाद्या नव्या नवरीनं करू नयेत असे. तिला रेंज लागायची ती शेजारच्या गावातल्या पाण्याच्या टाकीवर. मग बिचारी नर्सबाई, पन्नाशीला टेकलेली, गुडघे कुरकुरणारी, पदर खोचून लोखंडी शिडी चढायची. एका हातानं शिडी, एका हातानं पाटी. बाळंतपण झालं त्याच दिवशी नोंद पडली नाही तर त्या बाईची ओळ लाल व्हायची, आणि ओळ लाल झाली की साहेब लाल व्हायचा.

आता मूळ गोष्ट.

एके दुपारी भट्टीवरचा शेवटचा चिखल संपला. सुनेनं शेवटची वीट पाडली, साचा पालथा घातला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून 'हुश्श' केलं, तशी समोरची गाढवं दचकली. घरी येऊन हातपाय धुऊन ती आडवी झाली. घुम्या तिच्या आधीच भुईवर पसरून घोरत होता. बाईनं मला बजावून ठेवलेलं, "मावशी, भट्टीचं काम संपलं की कळवा, मी हिला मोठ्या दवाखान्यात नेऊन दाखवते." मी शेजारणीचा फोन मागून घेतला.

"बाई, सून मोकळी झाली!" मी ओरडले. फोनवर ओरडल्याशिवाय माझा आवाज पलीकडे जातो ह्यावर माझा विश्वास नाही.

"अगंबाई! मोकळी झाली? कधी?"

"आत्ता. तास नाही झाला."

"त्रास झाला का हो?"

"त्रास कसला? उठली, हातपाय धुतले, पडलीय."

मग नुसती खरखर. मधूनच तुटका आवाज आला, "...मुलगा?"

"मुलगा मस्त! घोरतोय बघा."

"किती भरलं?"

"तीन हजार! मोजून घेतलेत मी."

"वा वा वा! छान भरलं हो!" आणि फोन कटला.

मला वाटलं, बाई विटांचं कौतुक करते. मी सुनेला सांगितलंसुद्धा, बघ, सरकारी माणसाला पण किंमत आहे तुझ्या कामाची.

आता 'मोकळी झाली' म्हणजे बाळंत झाली, हे मला ठाऊक नाही का? पाच वेळा मोकळी झालेली बाई आहे मी. पण दिवसभर उन्हात विटा उलटवल्यावर डोक्यात मोकळं म्हणजे हात मोकळे, दुसरं काही नाही. आणि बाईचं तरी काय चुकलं? टाकीवर, वाऱ्यात, एका हातानं लटकलेली. तिनं तिथल्या तिथे पाटीवर बोट फिरवलं. बाळंतपण घरी. त्रास नाही. मुलगा. तीन हजार ग्रॅम. झोप शांत.

चार दिवसांनी बाई आली ती खांद्यावर वजनकाटा, हातात लसींचा डबा आणि तोंडावर हसू घेऊन.

"कुठंय आमचा पैलवान?"

"भट्टीवर गेलाय," मी म्हटलं. मला वाटलं घुम्याला विचारते.

"भट्टीवर? चार दिवसांचं लेकरू भट्टीवर नेलंत?" बाई किंचाळली आणि धाडकन आत शिरली. आत सून भिंतीला टेकून, पाय पसरून, पोटावर ताटली ठेवून कांदा चिरत होती. पोटाचा तिला पाटासारखा उपयोग व्हायचा.

बाई बघतच राहिली. वजनकाटा खांद्यावरून घसरून तिच्याच पायावर पडला, तरी तिला कळलं नाही.

"ही तर... अहो मावशी, ही तर भरलेली आहे!"

"मग? रिकामी कधी होती?"

"तुम्हीच म्हणालात मोकळी झाली!"

मग आम्ही तिघी एकमेकींकडे बघत बसलो. पहिली सून हसली. हसता हसता तिनं पोट धरलं. मग मी हसले. नर्सबाई नाही हसली. ती पाटी काढून बोटं आपटत बसली आणि तिच्या कपाळावरून घाम काचेवर टपटपायला लागला.

"पुसा की ते लिहिलेलं," मी म्हटलं.

"पुसता येत नाही. वहीत असतं तर एक रेघ मारली असती." बाईचा आवाज रडवेला झाला. "ही फक्त एकच विचारते. बाळ जिवंत की मृत?"

दोन दिवसांनी टक्केसाहेब जीपमधून आला. दारात सून उभी होती. उभी कसली, दार भरून गेलं होतं. साहेबानं तिच्याकडे बघितलं नाही. पाटी मांडीवर घेतली आणि खाली मान घालून म्हणाला, "इथे तर बाळंतपण झालेलं दिसतंय."

"मान वर करा साहेब," मी म्हटलं. "इथे नाही झालेलं दिसतंय."

"नोंद लॉक झाली आहे. उघडायची म्हटली तर वर कळवावं लागेल. आपला तालुका ह्या महिन्यात पहिला आलाय. शंभर टक्के."

"मग हिनं काय करायचं?"

साहेबानं विचार केला. साहेब विचार करतो तेव्हा पेनाचं टोपण चावतो. त्या टोपणावर विचारांचे बरेच दात उमटलेले होते.

"काही करायचं नाही," तो शेवटी म्हणाला. "तीन-चार आठवड्यांत होईलच की. झालं की तेच बाळ ह्या नोंदीला चिकटवून टाकू. वजनही साधारण तेवढंच भरेल."

"आणि तोवर?"

"तोवर ती बाळंतीण. आराम करायचा, अंगावर पाजायचं."

"काय पाजू साहेब?" सून म्हणाली. "चहा?"

जीप धूळ उडवत गेली. घुम्या दाराशी उभा होता. एवढ्या सगळ्यात तो एकच शब्द बोलला, आणि तो इथे सांगण्यासारखा नाही.

हसण्यावारी नेलं आम्ही. पण पाटी हसण्यावारी नेत नव्हती. पोटुशींच्या यादीतून सुनेचं नाव गेलं. आधी तपासणीची आठवण करून द्यायला फोन यायचे ते बंद झाले. त्याऐवजी शेजारणीच्या फोनवर एक गोड बाई बोलायला लागली, "अभिनंदन! आपलं बाळ आता नजर स्थिर करू लागेल." शेजारीण फोन घेऊन धावत यायची आणि सुनेच्या पोटाला लावायची. "ऐक रे बाबा, नजर स्थिर कर."

नर्सबाईच्या मागे तीन गावं आणि पाटीतल्या चाळीस बाया. पाटी म्हणेल त्या दारी जायचं, म्हणणार नाही त्या दारी जायला वेळच उरायचा नाही. तरी सव्विसाव्या दिवशी ती आपणहून आली. सुनेचं तोंडही सुजलं होतं तोवर. डोळे बारीक झालेले. सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होती, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणत होती, भर उन्हात. बाईनं दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. तिसऱ्यांदा फुगवला तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मावशी, आत्ताच्या आत्ता न्या. रक्तदाब चढलाय. झटके आले तर दोघंही हाताला लागायची नाहीत."

"चिठ्ठी द्या."

"चिठ्ठी पाटी देते." बाईनं पाटीकडे बघितलं तसं मी कुणा माणसानं सापाकडेही बघितलेलं पाहिलं नाही. "पाटी म्हणते, ही पोटुशी नाहीच."

भट्टीचा ट्रॅक्टर निघाला होता. विटांवर पेंढा, पेंढ्यावर गोधडी, गोधडीवर सून. घुम्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ऊन लागू नये म्हणून दोन्ही हातांनी सदरा धरून तसाच बसला, वाटभर. हात एकदाही खाली आले नाहीत. मी ट्रॅक्टरवाल्याला प्रत्येक खड्ड्यागणिक एक शिवी देत होते. दवाखाना आला तेव्हा माझ्याकडच्या संपत आल्या होत्या.

दवाखान्यात शिरायचं तर आधी खिडकी. खिडकीला काच, काचेला भोक, आणि भोक कमरेच्या उंचीवर. बोलायचं असेल तर कमरेत वाकून भोकाला तोंड लावायचं. ज्यानं ती खिडकी बसवली त्यानं माणसाला वाकवायचा पुरता बंदोबस्त केलेला. आत खिडकीवाला. त्याच्यापुढेही तसलीच पाटी, जरा मोठी.

"नंबर?"

नंबर सांगितला. त्यानं बोट आपटलं.

"ही बाळंतीण आहे. बाळंतिणींची तपासणी मंगळवारी."

"अहो, बाळंत व्हायचीय अजून! बघा तरी!"

"मी काय बघू? इथे लिहिलंय, मुलगा, तीन हजार ग्रॅम, चार तारखेचा." आणि मग वर तोंड करून, "मुलगा कुठे आहे? आणला नाही? लस राहिलीय त्याची."

सून खाली फरशीवर बसली होती. तिनं डोकं भिंतीला टेकवलं होतं आणि डोळे मिटले होते. रांगेतल्या बाया तिच्या पायांकडे बघून कुजबुजत होत्या. घुम्या मला बाजूला सारून वाकला.

"दवाखान्यात घ्या," तो म्हणाला. "मरेल ती."

खिडकीवाला घाबरला असावा. त्यानं टक्केसाहेबाला फोन लावला, हो हो केलं, आणि भोकातून एक कागद बाहेर सरकवला. "एक मार्ग आहे. आधीचं मूल दगावलं म्हणून लिहून द्या, मग ती नोंद बंद होते. मग नवी उघडता येईल. आईची सही लागते."

घुम्यानं कागद घेतला. पेन घेतलं. सुनेपुढे उकिडवा बसला. "कर सही," तो म्हणाला, "कागदच आहे."

सुनेनं डोळे उघडले.

"काय लिहिलंय?"

त्यानं वाचून दाखवलं. मुलगा. वय दिवस सव्वीस. मृत.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, तो आहे कुठे? नाहीच ना तो!"

"हे बघ." तिनं त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. "लाथा मारतंय. आणि मी मेलं म्हणून सही करू? जगात अजून आलं नाही आणि पहिलाच कागद मेल्याचा? मी मेले तरी चालेल, सही नाही करणार."

मला तिचा राग आला. मग राग जाऊन दुसरंच काही आलं, ते सांगत नाही. घुम्यानं कागद पुन्हा तिच्यापुढे धरला. मी पाहिलं, आता हे दोघे इथे फरशीवर एकमेकांची समजूत काढत बसणार आणि वेळ हातची जाणार. पाटी बदलत नाही, खिडकीवाला बदलत नाही, सून बदलत नाही. बदलायचं तर मलाच.

मी पुन्हा कमरेत वाकले, भोकाला तोंड लावलं आणि आवाज मधात घोळवला.

"दादा, चुकलं हो आमचं. बरोबर आहे तुमचं. बाळंतीणच आहे ती."

"मग इतका वेळ काय बडबडताय?"

"म्हातारपण, दुसरं काय! पण घरी झालं ना बाळंतपण. मला वाटतं, आत काहीतरी राहिलंय."

खिडकीवाल्याची मान पहिल्यांदा नीट वर झाली. "आत राहिलंय? कधीपासून?"

"बरेच दिवस. डोकं दुखतं, अंग सुजलंय, पोट तर बघा कसं."

त्यानं बोट आपटलं. पाटीनं काहीतरी विचारलं. त्यानं आणखी एकदा आपटलं, आणि पाटी अशी लालेलाल झाली की त्याच्या तोंडावर उजेड पडला. "प्रसूतीनंतर अवशेष राहणे! तातडीचं आहे हे!" तो उठून ओरडला. "स्ट्रेचर! आधी का नाही सांगितलं?"

"वाकायला वेळ लागला," मी म्हटलं.

आत डॉक्टरीणबाई होती. तरणी, केस विस्कटलेले, दोन दिवस झोपली नसावी. पाटीवर वाचत वाचत आली, "काय राहिलंय आत?" चादर उचलली आणि तिथेच थांबली.

"आजी, हे काय आहे?"

"मूल," मी म्हटलं. "सगळंच्या सगळं राहिलंय."

ती हसली नाही. तिनं पाटी खाटेखाली ठेवली, जमिनीवर, चपलांशेजारी, आणि सुनेच्या पोटावर दोन्ही हात ठेवले. त्या क्षणी मी त्या पोरीला माझ्या पाचही लेकरांचं आयुष्य देऊन टाकलं. घुम्याला विचारलं नाही. थोड्याच वेळात सुनेला झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली, खाट हलली. पण आला तो आत खाटेवर, सुई तयार असताना. बाहेर फरशीवर नाही.

पोट कापून मुलगी काढली. एकवीसशे ग्रॅम. आमची एक वीट उचलली तरी हात जड होतो, ही दोन्ही हातांवर ठेवली तरी हात रिकामेच वाटत होते. पण रडली अशी की खिडकीवाला काचेतून वाकून बघायला लागला. वाकू दे म्हटलं जरा त्यालाही.

तिसऱ्या दिवशी सुनेनं पाणी मागितलं. पाचव्या दिवशी टक्केसाहेब आला. आला, पाटी उघडली आणि त्याचं तोंड पडलं.

"मुलगी कशी काय झाली?"

"पाटीला विचारायचं राहून गेलं," मी म्हटलं.

"तिथे मुलगा आहे. चिकटत नाही." तो टोपण चावायला लागला. "असं करू. सध्या हिलाच मुलगा राहू दे. पुढे मोठी झाली की दुरुस्तीचा अर्ज..."

"नाही," सून म्हणाली. टाके होते, आवाज निघत नव्हता, पण 'नाही' निघालं. "मुलगी आहे, मुलगी लिहा."

"मग मुलाला मृत दाखवावं लागेल. सही करा."

"जन्मलाच नाही असं लिहा, करते सही."

"तसा पर्यायच नाही."

"मग असू दे जिवंत."

साहेबानं टोपण तोंडातून काढलं. आणि मग हळूहळू त्याच्या तोंडावर तेज चढलं. एक मूल दगावलं की वरून चौकशी येते, तालुक्याचे टक्के घसरतात. मूल जगलं तर काहीच येत नाही. ते असलं काय, नसलं काय. "हरकत नाही," तो म्हणाला, "दोघंही राहू देत." जाताना दारातून वळून सुनेला म्हणाला, "पण बाई, दोन मुलांत जरा अंतर ठेवायला हवं होतं."

सुनेला हसू आलं, टाके दुखले, आणि तिनं उशी फेकून मारली. लागली मला.

तेव्हापासून आमच्या घरी दोन लेकरं. मुलगी अंगणात रांगते, माती खाते, माझा चष्मा ओढते. थोरला पाटीत वाढतो. तो कधी आजारी पडत नाही, कधी रडत नाही, त्याचं वजन दर महिन्याला बेतानं वाढतं. ते नर्सबाई टाकीवर बसून वाढवते. आणि डोस द्यायची वेळ आली की बाईचा जीव टांगणीला लागतो, कारण आता पाटी फोटोही मागते. उघडं तोंड, तोंडात थेंब.

परवा आली. मुलीला पाजलं, फोटो घेतला, झालं. मग भिंतीला टेकून बसली. पाटी कोकलत होती.

"थोरल्याचं काय करू मावशी? आज ओळ लाल झाली तर मला काढून टाकतील."

मी चष्मा काढून ठेवला. तिच्यापुढे मांडी घालून बसले आणि आ केला. दात तर माझे केव्हाच गेलेत. नुसत्या हिरड्या, गुलाबी.

"जवळून घ्या," मी म्हटलं. "नाक येऊ देऊ नका."

बाईनं थेंब सोडले. पाटी माझ्या तोंडावर धरली. पाटीनं बघितलं, विचार केला, आणि हिरवीगार झाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

बाईनं डोळे पुसत वाचलं, "बाळ निरोगी आहे. दात उशिरा येत असल्यास काळजी करू नये."